दप्तर सांभाळायला निवडणूक कशाला?

२०१६ च्या नोव्हेंबरातली निवडणूक जगाला ट्रम्प आणि हिलरीमुळे आठवते, मला मात्र ती एका भलत्याच पदामुळे आठवते. मी कुक काउंटीत राहतो, म्हणजे शिकागो शहर आणि त्याला चिकटलेली उपनगरं, आणि इथली मतपत्रिका म्हणजे लग्नाच्या मानपानाची यादी, संपता संपत नाही. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेसमन इथवर ठीक, मग राज्याचे लोक, मग कोर्टाचा क्लार्क, सरकारी वकील, मग सांडपाण्याचं बघणाऱ्या मंडळाचे कमिशनर (हो, गटाराच्या पाण्यासाठीही इथे माणसं निवडून देतात), मग डझनावारी न्यायाधीश ज्यांची नावं बापजन्मात ऐकलेली नाहीत. आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एक ओळ, रेकॉर्डर ऑफ डीड्स. म्हणजे जमीनजुमल्याच्या खरेदीखतांची नोंद ठेवणारा अधिकारी, तो निवडून द्यायचा, पक्षाच्या तिकिटावर, चार वर्षांसाठी.

गंमत अशी की त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता, की हे रेकॉर्डरचं पद बंद करून त्याचं काम काउंटी क्लार्ककडे, म्हणजे निवडणुका आणि जन्म-मृत्यूचे दाखले बघणाऱ्या, तोही निवडून आलेल्या, अधिकाऱ्याकडे द्यायचं का? म्हणजे एका ठिकाणी माणूस निवडायचा आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची खुर्चीच मोडायची की नाही ते सांगायचं. लोकांनी दोन्ही केलं. कॅरेन यारब्रो रेकॉर्डर म्हणून परत निवडून आल्या आणि पद बंद करायचा प्रस्तावही चांगल्या मतांनी पास झाला. बाईंचा विलीनीकरणाला विरोध होता. पण पुढची गंमत तर याहून भारी, २०१८ साली त्या काउंटी क्लार्कच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, जिंकल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये जे पद वाचवायला त्या भांडल्या होत्या तेच पद त्यांच्याच नव्या ऑफिसात येऊन विरघळलं. राजकारणात मुरलेलं माणूस असंच असतं, दार बंद झालं तर भिंतीच्या पलीकडे आधीच जाऊन उभं.

मला तेव्हा खरं कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. या अधिकाऱ्याने ठरवायचं काय असतं, की त्याला मतं मागत फिरावं लागतं?

त्याचं उत्तर काउंटरवरच मिळतं. डाउनटाउनमध्ये ११८ नॉर्थ क्लार्क स्ट्रीटला काउंटीची जुनी भव्य इमारत आहे, बाहेर प्रचंड दगडी खांब आणि आत सरकारी ऑफिसात असते तशीच रांग. घराच्या कागदातली एक स्पेलिंगची चूक दुरुस्त करून घ्यायला मी तिथे गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी कागद उचलला आणि अक्षरशः मिनिटभरात पाहिलं काय तर, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, जागेचं वर्णन, चौदा आकडी पिन म्हणजे जागेचा कायमचा नंबर, नोटरीचा शिक्का, कागद कोणी तयार केला त्याचं नाव-पत्ता, आणि परत कुठे पाठवायचा तो पत्ता. बस. फी घेतली, डॉक्युमेंट नंबर आणि तारीख-वेळेचा ठसा, स्कॅन, कागद परत. मी जागेचा खरा मालक आहे का, मला विकणारा खरा मालक होता का, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही आणि विचारण्याचा त्यांना अधिकारही नाही. फॉर्म नीट असेल तर कागद घ्यायचाच. आत काय लिहिलंय ते खरं की खोटं हे कोर्टाने बघावं.

मग या ठशाला एवढं महत्त्व का? तर एकाच माणसाने एकच घर दोघांना विकलं असं समजा. इलिनॉयच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या कायद्यात, ज्याला पहिल्या व्यवहाराचा पत्ता नव्हता आणि ज्याने आपला कागद आधी नोंदवला, तो दुसरा खरेदीदार वाचतो. पहिला बिचारा डीड घरातल्या तिजोरीत ठेवून निवांत झोपला असेल तर तो गेला. नोंद सक्तीची नाहीये, पण केली नाहीस तर तुझं तू बघ, असा सगळा मामला. म्हणून तो ठशावरचा वेळ महत्त्वाचा, अगदी मिनिटासकट.

हे सगळं मी फोनवर अण्णांना सांगत होतो. अण्णा तहसीलदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले, सातबारा, फेरफार, आठ-अ हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती. ते शांतपणे ऐकत होते आणि मग म्हणाले, "अरे थांब थांब, म्हणजे तिकडे दुय्यम निबंधक निवडून येतो?"

"हो अण्णा. पक्षाच्या तिकिटावर."

"मग उद्या तलाठ्यालाही मतं मागत हिंडावं लागेल की रे! आणि हरलेल्या उमेदवाराच्या नोंदी कोण करणार?"

हसण्यावारी गेलं ते, पण माणसाच्या आयुष्यभराच्या अनुभवातून आलेला प्रश्न होता. आपल्याकडे दप्तर सांभाळणारा माणूस आधी जन्माने ठरायचा. कुलकर्णीपण वतनाचं, बापाकडून लेकाकडे, आणि दप्तर बऱ्याचदा कुलकर्ण्याच्या घरातच, त्यामुळे गावात कुणाची किती जमीन हे त्याला ठाऊक आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५० चा, तो १ मे १९५१ पासून लागू झाला, आणि मग पगारी, बदली होणारा तलाठी सगळीकडे आला. जन्माने ठरणारा गेला, परीक्षा देऊन येणारा आला. मताने येणारा ही तिसरी तऱ्हा आपल्याला कधी सुचलीच नाही. अमेरिकनांना का सुचली?

इंग्लंडात जमिनीचे कागद ज्याचे त्याने पेटीत ठेवायचे, पेटी ज्याच्याकडे तो मालक, असा रिवाज होता. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांना ते परवडेना, कारण तिथे जमीन हातोहात फिरत होती आणि शेजारी कोण, त्याचा बाप कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मॅसॅच्युसेट्स बेच्या लोकांनी १६४० सालीच कायदा केला की व्यवहार सार्वजनिक वहीत नोंदवा, नाहीतर तिसऱ्या माणसाविरुद्ध तो चालणार नाही. पुढे ही वही ठेवणारा माणूस बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नाहीतर विधिमंडळ नाहीतर कोर्ट नेमायचं, आणि कुठेही होतं तेच झालं, आपली माणसं, आपले साडू, आपले मेहुणे. शिवाय हे पद मलईचं होतं, कारण पगार नव्हता, प्रत्येक कागदामागे फी घ्यायची आणि ती खिशात घालायची. जमिनीचा बाजार तेजीत असला की रेकॉर्डरची चांदी.

कुक काउंटी १८३१ साली झाली तेव्हा शिकागो म्हणजे एक किल्ला, चार झोपड्या आणि चिखल. पहिला रेकॉर्डर रिचर्ड हॅमिल्टन, नेमलेला. हा बाबा एकाच वेळी काउंटीचा क्लार्क, कोर्टाचा क्लार्क, वारसांचे खटले बघणारा न्यायाधीश, नोटरी, रेकॉर्डर आणि शाळेच्या जमिनीचा कमिशनर! इथे प्रत्येक टाउनशिपमधला (टाउनशिप म्हणजे सरकारी मोजणीतला जमिनीचा मोठा चौकोन) सोळावा सेक्शन, एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, शाळेसाठी राखीव असायचा. शिकागोचा तो सेक्शन म्हणजे आजच्या डाउनटाउनचा दक्षिणेकडचा भाग, जिथे आता विलिस टॉवर ही गगनचुंबी इमारत उभी आहे. १८३३ च्या ऑक्टोबरात त्यातला जवळजवळ सगळा भाग लिलावात विकून टाकला, आले किती तर एकोणचाळीस हजार डॉलरच्या आतबाहेर. शाळांच्या नावावर ती जागा आज असती तर काय असतं, हा हिशेब इथले मास्तर लोक अजून मांडतात आणि अजून हळहळतात. मला दिसतं ते असं की विकणारा आणि विक्रीची नोंद करणारा माणूस एकच होता. त्याने लबाडी केली असं मी म्हणत नाहीये. पण केली असती तर पकडणार कोण होतं?

हीच खदखद देशभर होती. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळापासून वारं सुटलं की सरकारी पदं काही खानदानी लोकांची जहागीर नव्हे, सामान्य माणसाला ती कळतात आणि सामान्य माणसानेच ती भरावीत. १८३२ मध्ये मिसिसिपीने, १८४६ मध्ये न्यूयॉर्कने, १८४८ मध्ये इलिनॉयने नव्या राज्यघटना केल्या आणि न्यायाधीशांपासून कारकुनापर्यंत धडाधड सगळी पदं निवडणुकीत घातली. म्हणजे रेकॉर्डर निवडून द्यायचा तो त्याने काही मोठे निर्णय घ्यावेत म्हणून नाही, तर त्याला वरून कोणी नेमू नये म्हणून. हे कळलं आणि माझा अर्धा प्रश्न सुटला. इलिनॉयच्या १८७० च्या घटनेने त्यापुढे जाऊन सांगितलं की साठ हजारांच्या वर वस्ती असलेल्या काउंटीत स्वतंत्र रेकॉर्डर असावा, १८७२ च्या निवडणुकीपासून. कुक काउंटीतल्या अधिकाऱ्यांना तर पगार बांधून दिला आणि वरची फी तिजोरीत भरायला लावली. मलई संपली. कागदावर तरी.

आणि १८७० ची घटना आणि १८७२ ची निवडणूक यांच्या मध्ये शिकागो जळलं.

८ ऑक्टोबर १८७१, रविवारची रात्र. आग नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर आली, नदी ओलांडली, मध्यरात्रीनंतर कोर्टहाउस पेटलं आणि त्याची मोठी घंटा मनोऱ्यातून खाली कोसळली. दोन दिवसांत तीनशेच्या आसपास माणसं गेली, एक लाख बेघर झाली. आणि कोर्टहाउसच्या तळघरातल्या, आग लागणार नाही म्हणून बांधलेल्या खोल्यांमध्ये ठेवलेल्या काउंटीच्या सगळ्या वह्या, चाळीस वर्षांची सगळी डीड्स, गहाणखतं, नकाशे, राख. कुणाची जमीन कुठली हे सांगणारा सरकारी कागदाचा एक चिटोराही उरला नाही. आता विचार करा, घर जळालंय, विमा कंपनी बुडालीय, बांधायचं तर कर्ज हवं, कर्जाला जमीन तारण हवी, आणि जमीन तुझी हे कशावरून?

शहर वाचलं ते खाजगी कारकुनांमुळे. त्या काळी टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, शोधून देणाऱ्या ॲबस्ट्रॅक्ट कंपन्या होत्या, त्यांची माणसं रोज रेकॉर्डरकडे जाऊन नव्या नोंदींचा सारांश आपल्या वहीत उतरवायची, धंदाच तो. तीन कंपन्या, चेस ब्रदर्स, शॉर्टॉल अँड होर्ड, जोन्स अँड सेलर्स. यातल्या जॉन शॉर्टॉलचं ऑफिस कोर्टहाउसच्या समोरच, आणि त्याची गोष्ट इथे अजून रंगवून सांगतात, की आग दारात आली तेव्हा त्याने रस्त्यावरून चाललेली एक माल वाहायची गाडी अडवली, गाडीवाला थांबेना तेव्हा पिस्तूल दाखवून थांबवली, आणि वह्या भरून घराकडे नेल्या. तिघांच्याही काही वह्या जळल्या, काही वाचल्या, पण तिघांचं वाचलेलं एकत्र लावून बघितलं तर जवळजवळ पूर्ण संच तयार झाला! १८७२ मध्ये इलिनॉयने बर्न्ट रेकॉर्ड्स ॲक्ट केला, म्हणजे जळलेल्या दप्तराचा कायदा, की आगीच्या आधी धंद्याच्या ओघात तयार केलेले हे सारांश कोर्टाने पुरावा म्हणून धरावेत आणि मालकी नव्याने ठरवून द्यावी.

म्हणजे बघा, त्याच वर्षी लोकांनी मतं देऊन स्वतंत्र रेकॉर्डर निवडला, आणि खरं दप्तर होतं कंपन्यांकडे. नव्या साहेबाच्या ऑफिसात आगीनंतरच्या थोड्याफार वह्या आणि रिकाम्या फळ्या.

इथे एक विषयांतर करतो, राहवत नाही म्हणून. शिकागोत दप्तर चुकून जळलं, आणि त्यानंतर चारच वर्षांनी, मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि खतं मुद्दाम काढून जाळली, दख्खनचे दंगे म्हणून शाळेत दोन मार्कांना असतात ते. तिथेही माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर होता, कारण वैर कागदाशी होतं. वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा कशावर उठवला हे सावकार सांगेल तेच. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि गावपातळीवर नोंदणी करणारे नेमले, की शेतकऱ्याचा दस्त त्यांच्यासमोरच व्हावा. इकडे शिकागोकर कागद नाही म्हणून रडत होते आणि तिकडे सुपेकर कागद आहे म्हणून.

परत शिकागो. कंपन्यांना आयतं घबाड मिळालं, जमीन विकायची तर यांच्याकडे या, म्हणतील ती फी द्या, लोक वैतागले. तेव्हा सुधारक मंडळींच्या हाती ऑस्ट्रेलियातली टॉरेन्स पद्धत लागली. रॉबर्ट टॉरेन्सने १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदा करून घेतला होता, त्यात नुसती कागदाची नोंद नाही, सरकार स्वतःच सर्टिफिकेट देतं की मालक हा, विषय संपला. इलिनॉयने १८९५ मध्ये तसा कायदा केला तर सुप्रीम कोर्टाने, म्हणजे राज्याच्या, तो मोडीत काढला. मुद्दा हा की मालकी कोणाची हे ठरवणं न्यायाधीशाचं काम, ते रेकॉर्डरला देता येणार नाही. १८९७ मध्ये सुधारून परत केला तेव्हा टिकला. पण तो घेतला फक्त कुक काउंटीने, आणि तोही ऐच्छिक, म्हणून शंभर वर्षं एकाच काउंटीत दोन समांतर दप्तरं चालली, निम्मी गल्ली टॉरेन्समध्ये आणि निम्मी जुन्या पद्धतीत. नव्वदच्या दशकात कंटाळून टॉरेन्स गुंडाळलं. त्या कंपन्यांच्या वारसांमधून आजची शिकागो टायटल ही अवाढव्य इन्शुरन्स कंपनी उभी आहे आणि घर घेताना आपण गुपचूप टायटल इन्शुरन्सचा, म्हणजे मालकीत खोट निघाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, चेक फाडतो, कारण सरकारी दप्तर मालकीची हमी देत नाही. आपला सातबारा तरी कुठे देतो म्हणा. तोही फक्त गृहीत धरायचा पुरावा, उलट सिद्ध होईपर्यंत.

या पदाच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते दुसरंच काही. कुणाचं लक्ष नसलेलं पद असलं की तिथून ज्यांना एरवी कोणी दारात उभं करत नाही ती माणसं आत येतात. वॉशिंग्टन शहराचा रेकॉर्डर निवडून येत नसे, राष्ट्राध्यक्ष नेमत, आणि १८८१ मध्ये तिथे आले फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून पळून आलेला माणूस, ज्याच्यावरच कधीकाळी मालमत्ता म्हणून मालकी सांगितली जात होती तो आता मालमत्तेच्या दप्तराचा प्रमुख! (त्यांच्याच ऑफिसात काम करणाऱ्या हेलन पिट्सशी त्यांनी १८८४ मध्ये लग्न केलं, ती गोरी, दोन्हीकडच्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) कुक काउंटीत १९८८ साली कॅरल मोझली ब्राऊन रेकॉर्डर म्हणून निवडून आल्या आणि चारच वर्षांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये पोचल्या, तिथे पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्यानंतर जेसी व्हाइट, पुढे चोवीस वर्षं इलिनॉयचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याचं दप्तर आणि गाडीचे परवाने बघणारे, आमच्या पाकिटातल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर त्यांचंच नाव असायचं. पक्षाचे म्होरके या पदाला बिनमहत्त्वाचं समजायचे म्हणून तिथली उमेदवारी मिळायची, आणि उमेदवारी मिळाली की वीस-पंचवीस लाख मतदारांसमोर नाव जायचं.

याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. बिनमहत्त्वाचं पद म्हणजे कार्यकर्त्यांना चिकटवायची सोय. शिकागोत १९६९ मध्ये मायकेल शॅकमन नावाच्या वकिलाने राजकीय वशिल्याच्या नोकऱ्यांविरुद्ध खटला घातला, तो अर्धशतक चालला आणि त्यात रेकॉर्डरच्या ऑफिसावरही कोर्टाने देखरेखीसाठी माणूस बसवला होता. खोट्या सह्यांचा घोळ वेगळाच. रिकामं घर, मालकीण म्हातारी किंवा वारलेली, कुणीतरी क्विटक्लेम डीड, म्हणजे माझा काही हक्क असलाच तर तो तुला सोडला एवढंच सांगणारं खत, बनवून आणतं, नोटरीचा शिक्का असतो, काउंटरने घ्यायलाच हवं. त्यावर उपाय काय काढला माहितीये? २००९ मध्ये कुक काउंटीत नियम आला की राहत्या घराचं डीड नोटरीसमोर करताना विकणाऱ्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा. अण्णांना सांगितलं तर ते खूश. "बघ, शेवटी अंगठ्यावरच आले!" वर २०१६ च्या सुमारास, म्हणजे पद बंद होणार हे ठरत असताना, हेच ऑफिस डीड ब्लॉकचेनवर टाकायचा प्रयोग करत होतं. एका हाताला शाई आणि दुसऱ्या हाताला बिटकॉइनवाल्यांचं तंत्र.

दप्तराला एक खोड असते, ते काहीच विसरत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागोत वस्त्याच्या वस्त्यांनी आपापसात करार करून रेकॉर्डरकडे नोंदवले होते की ही घरं कृष्णवर्णीयांना विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, त्यांनी राहायचं तर फक्त नोकर म्हणून. ठसा, नंबर, तारीख, सगळं रीतसर. कार्ल हॅन्सबेरी नावाच्या गृहस्थांनी अशाच एका वस्तीत घर घेतलं, प्रकरण थेट देशाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९४० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण एका तांत्रिक मुद्द्यावर. असे करार कोर्टाने अमलात आणायचे नाहीत हे ठरायला १९४८ उजाडलं आणि ते बेकायदा व्हायला १९६८. पण वहीतून ते गेले नाहीत, अजून आहेत. २०२२ पासून इलिनॉयमध्ये घरमालकाला एक नवा कागद नोंदवून ते कलम काढून टाकता येतं, जुनं पान मात्र तसंच राहतं. मी माझ्या घराचे जुने कागद ऑनलाइन काढून बघितले, धाकधूक होतीच, पण आमचा भाग पन्नाशीच्या दशकापर्यंत जर्मन शेतकऱ्यांची शेतं होती, त्यामुळे आधी शेतकऱ्यांची आडनावं, मग बिल्डर, मग प्लॉटचा नकाशा, आणि अटी काय तर कुंपण किती उंच आणि अंगणात कोंबड्या नकोत. कोंबड्यांची अट वाचून बायको म्हणाली, चला, निदान या बाबतीत तरी आपण कायदा पाळतोय.

आता ज्या प्रश्नाने सुरुवात केली त्यावर माझं मत. मतदानाच्या वेळी मी पद बंद करण्याच्या बाजूने होतो. दोन ऑफिसं, दोन प्रमुख, दोन एचआर, कशाला? आजही वाटतं की रोजच्या कामापुरतं तेच बरोबर. पण सालेमची गोष्ट वाचली आणि माझं मत थोडं हललं.

मॅसॅच्युसेट्समधलं सालेम, चेटकिणींच्या खटल्यांसाठी प्रसिद्ध असलेलं तेच. तिथल्या दक्षिण एसेक्सच्या नोंदणी ऑफिसचे निवडून आलेले रजिस्टर, म्हणजे तिथले रेकॉर्डरच, होते जॉन ओब्रायन. २००८ च्या मंदीनंतर लाखो घरांवर जप्ती आली तेव्हा बँकांना कागद भराभर हवे होते. त्याआधीच बँकांनी नव्वदच्या दशकात मर्स नावाची स्वतःची इलेक्ट्रॉनिक वही काढली होती, की गहाणखत एका बँकेकडून दुसरीकडे गेलं तरी काउंटीत नोंद नको आणि फी नको, आपली आपल्यात नोंद पुरे. म्हणजे सार्वजनिक दप्तराला बगल. पण जप्तीला कोर्टात जायचं तर साखळी दाखवावी लागते, मग कंपन्यांमध्ये बसून माणसं न वाचता दिवसाला शेकड्याने सह्या करायला लागली, एकाच नावाने वेगवेगळ्या हातांच्या. ओब्रायन यांनी आपल्याच वह्यांची तपासणी करून घेतली, एकाच बाईच्या नावाच्या किती तऱ्हेच्या सह्या आहेत त्या लोकांसमोर मांडल्या, आणि २०११ मध्ये जाहीर करून टाकलं की अशा सह्यांचे कागद मी नोंदवून घेणार नाही, माझं ऑफिस म्हणजे गुन्ह्याची जागा झालीय. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोच्या निवडून आलेल्या रजिस्टरनेही तसाच आवाज उठवला.

आता कायद्याने काटेकोर बघितलं तर कागद नाकारायचा त्यांचा अधिकार वादाचाच, वर मी सांगितलं तसं फॉर्म नीट असेल तर घ्यायचा. पण वरून नेमलेला, बदलीच्या टेबलावर बसलेला माणूस हे बोलला असता? अण्णांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आमच्यात एक होते. त्यांनी एका बड्या माणसाचा फेरफार अडवला होता. महिन्याभरात गडचिरोली." ओब्रायनना गडचिरोली दाखवू शकेल असं कोणी नव्हतं, फक्त मतदार होते, आणि मतदारांची घरंच जप्त होत होती. एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी हे पद मतावर टाकलं ते नेमकं एवढ्यासाठीच, वरून कोणी हलवू नये म्हणून.

शिकागोत हा खुंटा आता काढलाय. नोंदणी हा क्लार्कच्या ऑफिसातला एक विभाग, प्रमुख नेमलेला. क्लार्क निवडून येतो, ते खरं, पण क्लार्ककडे उपनगरांतल्या निवडणुका आहेत, जन्म-मृत्यूचे दाखले, लग्नाची लायसन्सं, टॅक्सचे दर. निवडणुकीचं काम असलं की बाकी सगळं झाकोळतं, हे ॲरिझोनात बघितलंय. तिथे फीनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उलटं होतं, २०२० मध्ये रेकॉर्डरकडेच मतदारयादी आणि लवकर मतदानाचं काम होतं, त्यामुळे २०२० नंतर तिथल्या रेकॉर्डरला देशभरातून धमक्या आल्या आणि पेपरात बातम्या आल्या त्या सगळ्या मतांच्या, डीडचा उल्लेख नावापुरता.

यारब्रो बाई २०२४ च्या एप्रिलमध्ये वारल्या, नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली. आमच्या टपालपेटीत आलेल्या पत्रकांवर मतदानयंत्रं होती, मतदारनोंदणी होती, पोस्टाने मत होतं. खोट्या डीडबद्दल, त्या अंगठ्यांबद्दल, पुढच्या मंदीत बँकांचे गठ्ठे आले तर कोण बघणार याबद्दल एक ओळ नाही. आता पुढची निवडणूक २०२६ च्या नोव्हेंबरात. टाउनहॉलला उमेदवार आले की मी डीडचा प्रश्न विचारणार आहे, आजूबाजूचे वळून बघतील की हा कुठला विक्षिप्त माणूस, बघू देत.